न थांबणारी सुई

आर्डिथ क्लासेनचं डोकं तापवायचं असेल तर तिच्यासमोर एवढंच म्हणावं, "माझ्या मशिनवर तर नीट चालतंय." बावीस वर्षं मी तिच्या शेजारी बसून प्रोग्रॅम लिहितोय, हे वाक्य मी एकदाच बोललो. लार्च लेक हे कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातलं छोटं गाव, आमची कंपनी चार माणसांची, आणि गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर जुनेपुराणे. म्हणून आर्डिथने टेबलावर मुद्दाम एक खटारा ठेवलेला. काहीही लिहिलं की आधी त्याच्यावर चालवून दाखवायचं.

मागच्या हिवाळ्यातलं काम तिच्या भावाचंच होतं. हा वेंडेल कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड घसरवायच्या खेळाच्या क्लबात बर्फ राखतो. बर्फ गोठवायला अमोनिया लागतो, आणि तो गळला तर माणसाचा जीव जातो. यंत्रखोलीतल्या पेटीतून दर दहा सेकंदांनी हवेतल्या अमोनियाचा आकडा यायचा आणि ऑफिसातल्या पडद्यावर सुई सरकायची. पण दर वेळी अख्खं चित्र पुसून पुन्हा काढलं जायचं, त्यामुळे पडदा लुकलुकायचा.

"तुझ्या सुईने मला चक्कर येते, आर्डी," वेंडेल कुरकुरायचा.

आर्डिथ हट्टाला पेटली. नुसता बदललेला तुकडा पुन्हा रंगवून पाहिला, तर सुईमागे ओरखडे राहात. मग तिने सुईमागच्या हिरव्या-पिवळ्या-लाल तबकडीचं चित्र एकदाच काढून ठेवलं आणि सुई फिरवायचं काम ग्राफिक्स कार्डावर सोपवलं. एकदा सांगितलं की कार्ड आपलं आपण फिरवतं, प्रोग्रॅमला बघावंही लागत नाही. खटाऱ्यावरसुद्धा सुई लोण्यासारखी चालली. दोन आकड्यांच्या मधे ती निर्जीव दिसू नये म्हणून आर्डिथने तिला बारीकशी थरथर दिली, न थांबणारी. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, लपवत नाही.

फेब्रुवारीत स्पर्धेच्या शनिवारी दुपारी आम्ही दोघं क्लबात गेलो. चाळीसेक माणसं बर्फावर होती, आणि ऑफिसात विजेच्या भांड्यात खिमा-राजम्याची चिली रटरटत होती. पडद्यावर सुई हिरव्यात थरथरत होती.

"बघितलंस? सकाळपासून सगळ्यांना दाखवतोय," वेंडेल म्हणाला. "घ्या चिली. मी तेवढ्यात आत यंत्राचं तेल बघून येतो."

आर्डिथ वाडगा घ्यायला वळली आणि तशीच थांबली. भांड्याच्या वायरीशेजारी एक काळा प्लग लोंबत होता. त्यावर तिच्याच अक्षरातली चिठ्ठी होती.

"वेंडेल, हा प्लग कधी काढलास?"

"नवाला. भांड्याला जागा नको का?"

"अरे, हा आतल्या अमोनियाच्या पेटीचा प्लग आहे!"

"चिठ्ठी वाचून मलाही तसंच वाटलं. पण प्लग काढला तरी सुई हलतेच आहे की! म्हटलं, प्लग दुसऱ्या कशाचा तरी असणार, तूच चिठ्ठी चुकीच्या वायरीला लावलीस."

आम्ही सुईचा वेग शंभरदा मोजला होता. आकडा यायचाच थांबला तर काय दिसेल, हे एकदाही पाहिलं नव्हतं. पाच तास ती सुई सकाळी नवाला आलेला शेवटचा आकडा धरून नाचत होती, आणि वेंडेलचा हात यंत्रखोलीच्या कडीवर होता.

"थांब!" आर्डिथ किंचाळली. बावीस वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. तिने भांड्याची वायर उपटली आणि पेटीचा प्लग खोचला. आम्ही तिघं पडद्याकडे बघत उभे राहिलो. सुई हिरव्यातच थरथरत राहिली. मग निघाली. सावकाश, डौलात, पिवळ्यातून लालात गेली आणि टोकाला जाऊन तिथेही थरथरायला लागली.

चाळीस माणसं कोट न घालता बाहेर उणे पंचविसात बर्फात उभी राहिली. अग्निशामक दलाचा माणूस आतून आला आणि मास्क काढून म्हणाला, "दार उघडलं नाहीत, नशीब समजा. दोन श्वासांत आडवे झाला असतात."

आर्डिथ मटकन पायरीवर बसली. तिचे दात वाजत होते. "मी केलं हे. मीच."

वेंडेलने आपला स्वेटर काढून तिच्या खांद्यावर टाकला. "वेडी आहेस का! उगाच स्वतःला दोष देऊ नकोस. उलट ती लुकलुकणारी सुई होती ना, तिच्यावर माझा काडीचा भरवसा नव्हता. आत जाताना रोज मास्क घालायचो. तू ही नवी लावलीस आणि तेव्हापासून मास्क कपाटातच आहे."