फ्राऊबाई बाजाराला जातात

फ्राऊबाईंच्या घरात, म्हणजे त्यांच्या जर्मनच्या क्लासात, इंग्रजीला बंदी होती. मराठी चालायचं, मोडकंतोडकं जर्मन तर हवंच असायचं, पण मध्येच कुणी 'सॉरी' म्हणालं की बाई पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसायच्या. आपलं काय चुकलं हे त्या बापड्याला कळेपर्यंत तशाच बसून राहायच्या. "अडखळ, रड, हातवारे कर," त्या म्हणायच्या, "पण पळवाट काढू नकोस." फ्राऊ म्हणजे जर्मनमध्ये बाईच, तेव्हा आम्ही त्यांना दोनदा बाई म्हणत होतो. हे त्यांनी पहिल्याच दिवशी दाखवून दिलं आणि वर "असू द्या, एकदा म्हणून तुम्हाला आदर वाटेलसं दिसत नाही," हेही ऐकवलं.

मी मूळचा अमरावतीचा. कर्वेनगरात चौघांत मिळून एक फ्लॅट, हिंजवडीत नोकरी आणि रोज कंपनीच्या बसमध्ये डुलक्या. हिंजवडीत तेव्हा दर दोन महिन्यांनी एक काचेची इमारत उगवत होती. ज्याला थोडं जर्मन येतं त्याला कंपनी आधी तिकडे पाठवते, अशी आमच्यात बोलवा होती. म्हणून मी शनिवार-रविवार कोथरूडला बाईंचे तीन मजले चढायला लागलो. पहिल्याच तासाला माझ्या तोंडून "का"ऐवजी "काहून" निघालं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आधी कुठली भाषा घ्यायची? मराठी की जर्मन?" त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'अमरावती' झालो तो कायमचा. राग यायचा. पण बाप्पा, शिकवायच्या अशा, की बसमध्ये झोपेतही माझ्या तोंडून जर्मन क्रियापदं निघायची.

बाईंनी पिंपरीच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं जर्मन यंत्रांच्या माहितीपुस्तकांचं इंग्रजीत भाषांतर केलं होतं. इंग्रजी तिथे पोटभर लिहून झालं होतं, घरात ते नको, एवढंच. तिकडून इंजिनियर यायचे तेव्हा साहेबलोक त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचे आणि बाई आतल्या खोलीत कागद वाचत बसायच्या. "मला स्क्रूबद्दल सगळं बोलता येतं," त्या म्हणायच्या. "बोलायला कोणी मिळालं नाही. आणि आता मिळालं तरी मला स्क्रूबद्दल बोलायचं नाही."

त्यांना बोलायचं होतं कोंबड्यांबद्दल. त्यांच्या जुन्या पाठ्यपुस्तकात एक धडा होता, ईस्टरच्या बाजाराचा. थंडी सरते, चौकात दुकानं मांडतात, एक शेतकरीण रंगवलेली अंडी घेऊन बसते आणि गिऱ्हाईक बाईशी कोंबड्यांपासून सुनेपर्यंत सगळं बोलते. धडा साधाच, पण बाईंचा जीव त्याच्यावर. दर मार्चमध्ये त्या जेवणाच्या टेबलावर तो बाजार मांडायच्या. घरात अंडं चालत नसे, म्हणून अंड्यांच्या जागी लिंबं. सोसायटीच्या कुंपणावरची बोगनवेल फुलदाणीत. डोक्याला रुमाल बांधून बाई स्वतः शेतकरीण व्हायच्या आणि आम्ही रांगेनं खरेदीला. एक जरी इंग्रजी शब्द आला की लिंबं परत ठेवून रांगेच्या शेवटी जायचं. मी पहिल्या वर्षी सहा वेळा शेवटी गेलो आणि काहीही न घेता घरी आलो.

आमच्यातले एकेक करून जर्मनीला जात राहिले. बाई मात्र कधी गेल्या नव्हत्या. यजमान अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले, त्यांना सोडून जाणार कुठे. कुणी परत येऊन चॉकलेटचा डबा पुढे केला की बाई डबा बाजूला ठेवायच्या आणि विचारायच्या, "बाजारात गेलास? काय बोललास?" सगळ्यांचं उत्तर एकच. बाई, तिथे सुपरमार्केट असतं, बोलावं लागतच नाही. "मग तुला मी कशाला शिकवलं?" असं म्हणून त्या आत चहा टाकायला जायच्या.

यजमान गेले त्यानंतर दोन वर्षांनी मी त्यांना बोलावलं. तोवर मी दक्षिण जर्मनीतल्या एका लहान गावात बिऱ्हाड थाटलं होतं आणि आमच्या चौकात ईस्टरच्या आधी खराखुरा बाजार भरायचा. फोनवर बाई म्हणाल्या, "गुडघे दुखतात. पण येते." सदुसष्टाव्या वर्षी पहिला पासपोर्ट. सामानात माझ्या बायकोसाठी पुरणपोळ्या आणि एक दोनशे पानी वही. वहीत बाजारात बोलायची वाक्यं होती. रोज सकाळी त्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती म्हणायच्या. "तुमच्या कोंबड्या थंडीत अंडी देतात का हो?" हे मी चार दिवसांत इतक्या वेळा ऐकलं, की मलाच उत्तर द्यावंसं वाटायला लागलं.

बाजाराच्या दिवशी बाई निळी साडी, वर माझ्या बायकोचा कोट आणि पायात बूट अशा निघाल्या. चौकात ऊन होतं. पिवळी फुलं, गवताचे ससे, मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या, फांद्यांना टांगलेली रंगीत अंडी, सगळं धड्यातल्यासारखं. बाई एका दुकानापुढे थांबल्या, पदर सारखा केला आणि स्वच्छ, सुरेख जर्मनमध्ये विचारलं, "ही अंडी तुम्ही स्वतः रंगवलीत का?" दुकानदार हसला आणि इंग्रजीत म्हणाला, हो, माझ्या आईनं. तुम्ही इंडियाहून आलात का? बाईंनी उत्तर जर्मनमध्ये दिलं. तो पुन्हा इंग्रजीत. बाई पुन्हा जर्मनमध्ये. शेवटी त्यानं अंडी कागदात कशी गुंडाळून न्यायची ते हातवारे करून इंग्रजीतच समजावलं. माणूस फार चांगला होता हो. रागावायला तरी कोणी वाईट भेटायला हवं होतं.

दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्यात एक म्हातारी होती, अगदी धड्यातली वाटावी अशी. बाईंचा चेहरा उजळला. पण ती बोलली ती त्या भागाची गावठी बोली, मलाही निम्मी कळत नाही. बाई दोनदा "काय म्हणालात?" म्हणाल्या. म्हातारीनं हाक मारून नातीला बोलावलं. नात इंग्रजीत म्हणाली, "मी मदत करू का?" वही पर्समध्ये होती, बाईंनी पर्सवरून नुसता हात फिरवला.

मग मी माती खाल्ली. बाई ससे बघत होत्या, तेवढ्यात मी पुढे मेणबत्त्यांच्या दुकानात जाऊन तिथल्या विक्रेतीला हळूच सांगितलं, की या माझ्या शिक्षिका आहेत, कृपा करून त्यांच्याशी जर्मनमध्ये बोला. तिनं मान डोलावली. बाई तिथे पोचल्यावर त्या भल्या बाईनं एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. ही. मेणबत्ती. मधमाशी. बालवाडीतल्या पोरांशी बोलतात तसं. बाईंनी ऐकून घेतलं, आभार मानले आणि माझ्याकडे वळल्या.

"सांगून आलास?"

"हो."

"काय सांगितलंस?"

मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "बरं केलंस. कोंबड्यांबद्दल बोलायला वशिला लागतो हे मला माहीत नव्हतं."

मला तिथल्या तिथे रडू आलं असतं. पण करणार काय? बाजारभर फिरून प्रत्येकाला दटावणार होतो का, की खबरदार इंग्रजी बोलाल तर? शेवटच्या दुकानात बाईंनी एक लाकडी अंडं उचललं आणि दुकानदाराला त्याची किंमत विचारली. इंग्रजीत. चौदा वर्षांत मी त्यांच्या तोंडून इंग्रजी पहिल्यांदा ऐकत होतो. फार छान होतं, माझ्याहून कितीतरी चांगलं. त्या दुकानदाराशी दहा मिनिटं बोलल्या, तो हसला, त्याही हसल्या. मी हातात पिशवी घेऊन उभा होतो.

पुढचे पंधरा दिवस बाई सगळीकडे इंग्रजी बोलल्या. बसमध्ये, पाववाल्याकडे, शेजारच्या आजोबांशी. मी दोनदा म्हणालो, बाई, जर्मन बोला ना, सवय होईल त्यांना. "अरे, त्यांचं काही चुकत नाही," त्या म्हणाल्या. "ते मला मदतच करतायत."

पुण्याला परतल्यावर बाईंनी क्लास बंद केला. गुडघ्यांमुळे, असं त्या सगळ्यांना सांगतात. मला विचाराल तर क्लास त्याच्या आधीच, विमानतळावर बंद झाला.

मी त्यांना सोडायला गेलो होतो. त्यांचं सामान वजनाला ठेवलं आणि काउंटरवरच्या मुलीशी सगळं बोलणं मीच केलं, जर्मनमध्ये. त्यामुळे बाईंनाही जर्मन येतं, असं तिनं साहजिकच गृहीत धरलं. पासपोर्ट परत देताना ती बाईंकडे वळली आणि नेहमीच्या वेगात, नेहमीच्या आवाजात, कुणाही जर्मन आजीला विचारावं तसं जर्मनमध्ये विचारलं, "काय मग, ईस्टरच्या बाजारात काही खास मिळालं का?" पर्सच्या तोंडाशी ते लाकडी अंडं दिसत होतं.

"येस, थँक यू," बाई म्हणाल्या. "व्हेरी नाइस."

मुलगी लगेच इंग्रजीवर आली आणि हॅव अ गुड फ्लाइट म्हणाली. मागची रांग पुढे सरकली. आम्ही बाजूला झालो.

सांगावं की सांगू नये, मला ठरवता येईना. शेवटी म्हणालो, "बाई, ती जर्मन बोलली तुमच्याशी."

बाई थांबल्या. वळून काउंटरकडे बघितलं. तिथे आता दुसरं गिऱ्हाईक होतं.

"हो का?" त्या म्हणाल्या. "माझ्या लक्षातच आलं नाही रे."

आणि पर्सची चेन लावत राहिल्या.