चाकांपुढची लिंबं

आमच्या लहान पांढऱ्या गाडीला पुढची चाकं ओढून नेत. बहुतेक लहान गाड्यांचं तसंच असतं आणि त्याबद्दल कुणाची काही तक्रार नसते. आमच्या मुलाची होती. मागच्या वर्षी गणपती गेल्यावर एका सकाळी मी बँकेत जायला बूट घालत होतो, तेव्हा तो खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, गाडी मला द्याल? मला ती मागच्या चाकांवर चालवायची आहे. मतलब, इंजिनचा जोर मागे न्यायचा."

मी लगेच हो म्हटलं. गाडी जाळायची आहे म्हणाला असता तरी हो म्हटलं असतं. होळीनंतर त्याच्या तोंडून एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

होळीच्या सुमाराला तो गुरुग्रामची नोकरी सोडून घरी आला होता. सोडून आला की सुटली म्हणून आला, ते आम्हाला कळलं नाही. जयपुरात सोडाल्याच्या आमच्या भाड्याच्या घरात तो आतल्या खोलीत गेला, भिंतीकडे तोंड करून झोपला आणि तसाच राहिला. बायको दाराशी ताट ठेवायची आणि बऱ्याचदा तसंच उचलून आणायची. मी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. डॉक्टरांकडे नेलं, तर दोनदा आला आणि पुढे येईना. डॉक्टर म्हणाले, बोलेल तेव्हा बोलेल, खोदून विचारू नका. सांगायला काय जातं! बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसाला मी त्याच्या सासऱ्याच्या धंद्यापर्यंत सगळं विचारतो, आणि घरात एका बंद दारापुढे मूग गिळून उभा राहायचो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

म्हणून गाडी दिली आणि मी ऑटोने जाऊ लागलो. शाखेतले लोक विचारायचे, साहेब, गाडी कुठे? मी सांगायचो, तिचं ऑपरेशन चालू आहे.

ऑपरेशन सांगानेरच्या विमानतळापुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये होतं. मुलाचा जगतपुऱ्याच्या कॉलेजातला एक मित्र तिथे असले उद्योग करायचा. दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान उतरायचं आणि दोघे बोलता बोलता थांबायचे. बंद मैदानावर गाडी घसरवत घसरवत वळवायची एक शर्यत असते म्हणे, आणि पुढची चाकं ओढत असली की ते जमत नाही. रस्त्यावर ही गाडी यापुढे नेता येणार नव्हती. सरकारी कागदावरची गाडी आणि ही, यांत रंगापलीकडे काही सारखं उरणार नव्हतं.

काम काय होतं ते मला समजलं तेवढं सांगतो. इंजिन गाडीत आडवं असतं, ते काढून उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसवायचं. त्याला जीपचा गिअरबॉक्स लावायचा, गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा मागे न्यायचा आणि मागे दोन्ही चाकांना जोडणारा जीपचा एक्सल बसवायचा. त्या एक्सलवर लोखंडाचा एक गोळा असतो, तो डिफरन्शियल. आतली दातेरी चक्रं दोन्ही चाकांना जोर वाटून देतात. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरलं की सगळा जोर तिकडेच वाया जातो आणि दुसरं चाक नुसतं बसून राहतं. मुलाने दिल्लीच्या भंगार बाजारातून शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसलं शोधून आणलं होतं. त्यात एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर पोचतो. हे तो मला दोन्ही हातांनी करून दाखवत होता, आणि मी त्या हलणाऱ्या हातांकडेच बघत होतो. डिफरन्शियल समजून घेताना रडणारा बाप बरा दिसला नसता, म्हणून मी चहा आणायला गेलो.

माझं काम टॉर्च धरायचं. रविवारी दिवसभर आणि एरवी बँक सुटल्यावर मी तिथे जायचो. "इकडे, बाबा." "थोडं खाली." "सतराचा पाना द्या." घरी तो एवढंही बोलत नव्हता, तेव्हा मला ते पुष्कळ होतं. लांब दांड्याला जागा करायला त्यांनी गाडीचा तळाचा पत्रा मधोमध कापला. त्याच पत्र्यावर हा लहानपणी कोल्हापूरला जाताना प्रत्येक घाटात ओकला होता आणि मी प्रत्येक घाटानंतर तो पुसला होता. माझा टॉर्च भलतीकडे गेला, आणि दोघांनी वर बघितलं.

मग एक घोळ निघाला. डिफरन्शियलला नाकासारखा एक पुढे आलेला भाग असतो, लांब दांडा त्यालाच जोडतात. ते नाक एक्सलच्या डाव्या बाजूला होतं आणि गिअरबॉक्सचं तोंड उजवीकडे. दोघे उकिडवे बसून त्याच्याकडे बघत राहिले. मुलाने मध्येच जमिनीवर रेघोट्या मारल्या आणि म्हणाला, अख्खा एक्सल उलथा करू. वरची बाजू खाली, मग नाक आपोआप उजवीकडे. मित्राला पटलं. मला तर तिथे सगळंच पटायचं. त्यांनी एक्सल पालथा घातला, नाक बरोबर समोर आलं, आणि माझा मुलगा हसला. मोठ्याने नाही, पण दात दिसले. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती पोळपाट तसाच टाकून विचारत राहिली, कसा हसला, कशावर हसला, मला नीट सांगा.

दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा असते. त्या वर्षी गाडी तुकड्यांत पडलेली. बायको म्हणाली, तुकडे तर तुकडे. ताम्हन घेऊन ती ऑटोने शेडवर आली. जयपुरात आपटा मिळत नाही, ती दरवर्षी कचनारची पानं आणते, दिसायला तशीच असतात. तिने उघड्या डिफरन्शियलला हळदकुंकू लावलं, तेलात ते लगेच काळं झालं. त्यावर एक पान ठेवून तिने हात जोडले आणि बराच वेळ जोडून ठेवले. काय मागत होती ते मला ठाऊक होतं. त्याचा गाडीशी काही संबंध नव्हता.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी गाडी पहिल्यांदा चालू करायची ठरली. बायकोने चार लिंबं दिली, पण स्वतः आली नाही. तिला बघवणार नव्हतं. मी एकेका चाकापुढे एकेक लिंबू ठेवलं आणि तिला दाखवायला फोनवर व्हिडिओ घेत समोर उभा राहिलो. इंजिन सुरू झालं. मुलाने काचेतून माझ्याकडे बघितलं, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी मागे गेली आणि टायरांच्या ढिगाला धडकली.

मित्र हसत म्हणाला, "भाई, रिव्हर्स में है." मुलाने गिअर बघितला. पहिलाच होता. गाडी जराशी पुढे ढकलून पुन्हा पहिला टाकला, पुन्हा गाडी मागे. मित्राचं हसू थांबलं. तो खाली बसला, बोटाने धुळीत चक्रं काढली आणि आम्हाला दाखवलं. एक्सल उलथा केल्यावर आतलं मोठं चक्र दुसऱ्या बाजूला गेलं होतं आणि चाकांना उलटं फिरवत होतं. म्हणजे आता गाडीला मागे जायचे पाच गिअर होते आणि पुढे जायचा एक. सगळं जोडकाम कापून पुन्हा करावं लागणार होतं. माझ्या फोनवर अजून व्हिडिओ चालू होता, आणि त्यात चारही लिंबं जशीच्या तशी.

मुलगा चिडला नाही. चिडला असता तर किती बरं झालं असतं. त्याने नळावर जाऊन साबणाने हात धुतले, नखांतला काळेपणासुद्धा काडीने काढला. एवढ्या दिवसांत तिथे तो कधी हात धुवायचा नाही, तसाच बाहीला पुसून निघायचा. ते स्वच्छ हात बघून मी चारही लिंबं उचलून खिशात टाकली.

घरी बायको दारातच उभी होती. मुलगा तिच्या बाजूने आत गेला आणि खोलीचं दार लागलं. तिने मला एवढंच विचारलं, "लिंबू फुटलं का?" मी खिशातून ती चारही काढून तिच्या हातावर ठेवली.

पुन्हा ताटं दाराशी. पुन्हा भिंतीकडे तोंड. पुढच्या रविवारी मी शेडवर जायचे कपडे करून, टॉर्च घेऊन बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. बायको म्हणाली, अहो, हाक तरी मारा. मारली असती. पण त्याने ओ दिली नसती तर पुढे काय करायचं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. दुपारपर्यंत बसलो आणि कपडे बदलले.

आणखी काही दिवस असेच गेले, तेव्हा मी रजा टाकली आणि एकटाच शेडवर गेलो. मित्राला म्हटलं, तू तुझं काम कर, मी जरा बघतो. मला काय बघता येणार होतं? पण एक्सल काढायचाय हे माहीत होतं, आणि सतराचा पाना ओळखू येत होता. गाडीखाली सरकलो, डिफरन्शियलवर गोल झाकण होतं, त्याचे नट सोडायला लागलो. चार-पाच सुटले, मला फार बरं वाटलं. मग झाकण हललं आणि आतलं सगळं तेल माझ्या तोंडावर, मानेवर, सदऱ्यात आलं. या तेलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. मित्राने मला पाय धरून बाहेर ओढलं. एकाही ऑटोवाल्याने घेतलं नाही, शेवटी मित्रानेच स्कूटरवरून आणून सोडलं.

बायकोने मला व्हरांड्यातच अडवलं. म्हणाली, एक पाऊल आत टाकू नका, आणि पदर नाकाला लावून पाणी तापवायला गेली. मी चपला हातात धरून उभा. वास घरभर गेला असावा, कारण आतल्या खोलीचं दार उघडलं आणि मुलगा बाहेर आला. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बाबा, आधी तेल काढायचं असतं."

"मला काय माहीत?"

"मग गेलात कशाला?"

"तू येत नव्हतास," मी म्हणालो. "आणि मला दुसरं काही सुचेना रे."

तो आत निघून गेला. मला वाटलं, लागलं पुन्हा दार. पण तो स्वयंपाकघरातून बेसनाचा डबा आणि एक जुना पंचा घेऊन आला. मला पायरीवर बसवलं आणि माझ्या केसांना, मानेला बेसन चोळू लागला. त्याचे हात पुन्हा काळे झाले. गुरुग्रामला काय झालं, ते त्याने तेव्हाही सांगितलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही. "डोळे मिटा," म्हणाला. मी मिटले. कानामागचं तेल पुसता पुसता तो हळूच म्हणाला, "उद्या एकटे नका जाऊ."