भुशाला फिरवायची बॅग

आमचं कुत्रं रोज सकाळी फिरायला जातं. निदान जायचं ठरतं तरी. मधे बॅग येते.

बॅग आमच्या ह्यांची. हे काचेच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पॅकिंग खात्याचे मुकादम म्हणून. उभा जन्म पेले, बरण्या आणि झुंबरं खोक्यात भरण्यात गेला, आणि त्यातून ह्यांनी एकच तत्त्व घरी आणलं: खोक्यात रिकामी जागा राहिली की माल हलतो आणि हललेला माल फुटतो. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं, की ह्यांनी भरलेल्या खोक्यातला एक पेलासुद्धा कधी फुटला नाही. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. उद्यापासून ते खोकं म्हणजे माझं घर असणार, हे मला कुठे माहीत होतं!

खरं तर माहीत असायला हवं होतं. लग्नानंतर आम्ही समुद्रावर फिरायला गेलो, तेव्हा ह्यांनी दोन मोठ्या ट्रंका भरल्या. आमच्या दोघांच्या कपड्यांनी त्या भरेनात, म्हणून उरलेल्या जागेत घरच्या उशा कोंबल्या. हॉटेलात उशा असतात, असं मी नवी नवरी असूनही सुचवून बघितलं. "असतील, पण त्या इथे आत्ता कुठे आहेत?" हे म्हणाले. मग दोन्ही हातांत दोन ट्रंका घेऊन हे पुढे आणि मी मागे, अशी आमची वरात किनाऱ्यावरून निघाली. बाकीची जोडपी हातात हात घालून चालत होती. ह्यांचे हात मोकळे कुठे होते? तेव्हापासून आम्ही जिथे जिथे गेलो तिथे मी ह्यांची पाठच बघत गेले. हजार माणसांच्या गर्दीत ती पाठ मी ओळखून दाखवीन.

भुशा ही निवृत्तीची भेट. घड्याळ आणि शाल इतरांना मिळते. पॅकिंगच्या शेडमध्ये लाकडाच्या भुशाच्या ढिगात झोपणारं हे कुत्रं निरोपाच्या दिवशी ह्यांच्या मागोमाग थेट आमच्या दारापर्यंत आलं. कुत्रं घरात येणार नाही, असं मी तेव्हाच ठणकावून सांगितलं. आता तो माझ्या पलंगाखाली झोपतो आणि माझ्या ताटातला शेवटचा घास त्याचा असतो. उगीच आढेवेढे कशाला घेऊ, माझा जीव आहे त्याच्यावर. मुलगी लांब दिली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि माझ्या गुडघ्याने असहकार पुकारल्यापासून मी जिना उतरणं सोडूनच दिलंय. दिवसभर माझी बडबड ऐकून घेणारा घरात तो एकटाच आहे. दुसरे आहेत, ते बॅग भरत असतात.

त्या बॅगेत काय असतं म्हणाल, तर पाण्याची बाटली आणि वाडगा. तो वाडगा हरवला तर दुसरा वाडगा. पंजे पुसायला एक टॉवेल आणि वाडगे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून दुसरा. लख्ख उन्हात लागणारी बॅटरी. मलम, बँडेज, छत्री. भुशाची बिस्किटं आणि ह्यांची बिस्किटं, वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे चुकून कुणी कुणाची खायला नको. शिवाय एक चेंडू, ज्याच्यामागे भुशा आयुष्यात एकदाही धावलेला नाही. एवढं भरूनही कुठे बोटभर जागा उरलीच, तर तिथे वर्तमानपत्राचे बोळे. मग बॅग बंद करून, कानाशी धरून, हे ती हलवतात. आतून आवाज आला, की सगळं बाहेर आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता भुशाची बाजू ऐका. बॅगेची पहिली चेन वाजली की तो पलंगाखालून उठून दाराशी जातो. बिचाऱ्याला वाटतं, निघालो. बॅगेला चेनी किती, ते मी मोजलेलं नाही, पण शेवटची लागेपर्यंत माझा चहा होऊन, पिऊन, कप विसळून होतो. म्हातारा झालाय आता तो. माणसाला सोसत नाही, तिथे कुत्र्याला कसं सोसेल? दोनदा त्याचा धीर जिन्यातच सुटला, आणि दोन्ही वेळा नेमका तळमजल्यावर, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दारातल्या कुंड्यांपाशी. सगळा जिना मोकळा पडला असताना त्याला तीच जागा का पटावी, देव जाणे.

दुसऱ्या वेळी सेक्रेटरी वर आले. माणूस वाईट नाही, पण कुंड्यांवर पोटच्या पोरासारखी माया. "काका, काकू, शेवटचं सांगतोय," ते म्हणाले. "आता एकदा जरी जिना ओला झाला, तर हे कुत्रं इमारतीत दिसता कामा नये."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ह्यांनी मात्र प्रश्न हातोहात सोडवला. बॅगेत एक फरशी पुसायचं फडकं वाढवलं.

मग मी सूत्रं हाती घेतली. मुलीकडून एक छोटा कमरेचा पाउच मागवला. एक पिशवी, चार बिस्किटं, किल्ली, संपलं. हे खूष झाले. म्हणाले, "अगदी बरोबर मापाचा आहे." मी धन्य झाले. सकाळी बघते तर पाउच बॅगेत, छत्री आणि डब्याच्या मधे जी फट राहत होती तिथे. खरंच, अगदी बरोबर मापाचा होता.

"अहो, निदान बॅग संध्याकाळीच भरून ठेवा," मी हात जोडले. "सकाळी नुसती उचलायची आणि निघायचं."

ह्यांना ते पटलं. नुसतं पटलं नाही, त्यात त्यांनी सुधारणाही केली. पट्टा ऐन वेळी शोधावा लागू नये म्हणून त्याचा आकडा बॅगेच्याच कडीत अडकवून ठेवला. बॅग दाराशी खुंटीला टांगली. "याला म्हणतात नियोजन," असं स्वतःच म्हणाले आणि झोपले.

सकाळी ह्यांनी बॅग पाठीला लावली, पट्टा हाताला गुंडाळला, "चल रे भुशा" म्हणाले आणि दार लोटून निघाले. पट्टा ताणलेला होता. म्हणजे दुसऱ्या टोकाला कुत्रं असणारच. मागे वळून बघायची ह्यांना सवय नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मी खिडकीत आले. खाली हे ऐटीत चालले होते. पहिल्या खांबाशी थांबले, सभ्यपणे दुसरीकडे बघत उभे राहिले, पुरेसा वेळ दिला आणि पुढे निघाले. दुसऱ्या खांबाशी पुन्हा तेच. आमचे हे बॅगेला फिरवत होते.

भुशा पलंगाखालीच होता. चेन वाजलीच नाही, तर तो उठेल कशाला?

मी खिडकीतून हाका मारल्या. फोन लावला. फोन टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या तळाशी असतो, फुटू नये म्हणून. तेवढ्यात भुशा उठला, दाराशी गेला आणि माझ्याकडे बघायला लागला. ती नजर मी ओळखते. आज जिना ओला झाला तर उद्या हा नाही.

मी गाऊनचा पट्टा सोडला, त्याच्या गळ्यात अडकवला आणि एका हाताने कठडा धरून उतरायला लागले. गुडघ्यातून कळा येत होत्या. प्रत्येक वळणावर तो थांबायचा आणि मी म्हणायची, "अजून थोडं, बाळा. कुंड्यांकडे बघू नकोस." तळमजल्यावर सेक्रेटरी झारी घेऊन दारातच उभे.

"काकू! तुम्ही खाली?"

भुशाने एका कुंडीचा वास घेतला. मग मी गुडघा विसरून त्याला असा ओढला, की आम्ही दोघं फाटकाबाहेरच्या झाडाशी जाऊनच थांबलो. तिथे त्याने पाय वर केला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. नंतर उरलेलंही काम सावकाश उरकलं.

"ते उचलायला पिशवी आहे ना?" सेक्रेटरींनी फाटकातून विचारलं. माझ्या हातात गाऊनच्या पट्ट्याशिवाय काही नव्हतं.

इतक्यात कोपऱ्यावरून हे धावत आले. तोंड पांढरंफटक. "अगं, भुशा हरवला! पट्ट्यातून निसटला!" एवढं बोलून त्यांना भुशा दिसला, मग मी दिसले, मग मागे वळून स्वतःची बॅग दिसली.

"पिशवी काढा," मी म्हटलं.

ह्यांनी बॅग कट्ट्यावर ठेवून उघडायला घेतली. बाटली आली, वाडगा आला, दुसरा वाडगा आला, वर्तमानपत्राचे बोळे उडायला लागले. पिशव्या ओल्या होऊ नयेत म्हणून अगदी आतल्या कप्प्यात होत्या. मी त्यातलाच एक बोळा उचलला, उलगडला, वाकले, काम केलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. हे अजून शोधतच होते. सेक्रेटरींनी झाडाकडे बघितलं, मग कोरड्या जिन्याकडे, आणि झारी घेऊन आत गेले.

"तू तीन मजले उतरलीस?" ह्यांनी विचारलं. मी गाऊनचा पट्टा ह्यांच्या हातात दिला आणि उडालेले बोळे गोळा करायला लागले. बोलले असते तर रडले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग खुंटीवरच होती. ह्यांनी भुशाच्या गळ्यात पट्टा अडकवला, शर्टाच्या खिशात एक पिशवी ठेवली आणि दारात थांबून राहिले.

"आता काय राहिलं?" मी कपाळाला हात लावला. "जा ना. तो किती वेळ थांबेल?"

"हा हात रिकामा राहतोय," हे म्हणाले आणि तो पुढे केला.

डॉक्टरांनी गुडघ्याला थोडं चालवा म्हणून सांगितलंच होतं. तेवढ्यासाठी गेले, दुसरं काही नाही. जिन्यात भुशा सर्वांत पुढे, हे माझ्या एक पायरी खाली, माझा हात धरून, अर्धं तोंड माझ्याकडे वळवून उतरत होते. चालताना ह्यांचा चष्मा नाकावरून घसरतो, हे मला आजवर माहीतच नव्हतं.