यंत्रातला श्वास

शुभदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजूरच्या माझ्या दवाखान्यात एका बाळाला लस टोचत होते. "सकाळी चक्कर आली, मेंदूत रक्तस्राव... गेली," एवढंच तिचा भाऊ बोलला. बाळाची आई विचारत होती, ताप येईल का? आणि मी तिला अगदी नीट उत्तर दिलं. कसं दिलं, देव जाणे.

आम्ही दोघी बालरोगतज्ज्ञ, कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. तिला एक वेड होतं. हसनाबादच्या पुढे भिल्लांची एक वस्ती आहे. तिथली पोरं वर्षभर खोकायची आणि दर वेळी सर्दीचं तेच ते लाल औषध प्यायची. शुभदा टिफिनच्या डब्याएवढं यंत्र घेऊन तिथे जायची. पोराने नळीत श्वास सोडायचा; श्वासनलिका आतून सुजलेली असेल तर आकडा चढतो. पण श्वास हळू, एकसारखा सोडावा लागतो. जोरात फुंकलं की यंत्र नाकारतं. आणि ही पोरं रोज फुंकणीने चूल पेटवणारी! फुंकायचं म्हणजे जीव खाऊन, एवढंच त्यांना ठाऊक. रेणू नावाची मुलगी तर अशी गाल फुगवायची की शुभदा म्हणे, "अगं, यंत्रात जाळ करायचाय का तुला?" मग स्वतः नळी लावून हळू श्वास सोडून दाखवायची. सोबत गेलेली मी कंटाळून गाडीत जाऊन बसायचे, हिचं आपलं चालूच. अखेर एकदाचा आकडा आला, चांगलाच चढलेला. रेणूला दम्याच्या औषधाचा पंप सुरू झाला.

पंपाची सवय लागते, असं कोणीतरी रेणूच्या आईच्या डोक्यात भरवलं. "बंदच करून टाकते ताई," ती म्हणाली. शुभदाने तिला बजावलं, "पुढच्या खेपेला यंत्रच सांगेल फायदा आहे की नाही. तोवर बंद करायचा नाही." ती खेप शुभदाला मिळालीच नाही...

तिच्या भावाने यंत्र माझ्याकडे आणून दिलं. नळी दर वेळी नवी असते, आत कोणाचा श्वास उरत नाही, हे मला चांगलं कळतं. तरी ते ठेवलेल्या कपाटापाशी गेलं की आत कोणीतरी श्वास रोखून बसलंय असं वाटायचं, आणि मी भ्यायचे. शेवटी रेणूचा पंप बंद पडेल या काळजीने मी वस्तीवर गेले.

यंत्र पाहताच रेणूची आई मागे सरली. "ह्ये ताईच्या तोंडाला लागल्यालं हाय. ताईचा दम हाय यात. पोरीला कसं लावू?"

"नळी नवी आहे," मी म्हणाले.

"नळी नवी हाय. पन आतलं?"

"मग पंप तरी चालू ठेव," मी म्हणाले.

"त्यो गुण देऊन राह्यला का न्हाई, ह्ये कोन सांगन आता?"

आमचं हे चाललेलं असताना रेणूने माझ्या हातातली नळी घेतली. तिने छाती भरून श्वास घेतला. आता गाल फुगणार, मी मनात म्हटलं. तोच आई कुजबुजली, "हळू गं. ताई हाय आत. लागंल तिला."

रेणूने श्वास सोडला. इतका हळू, इतका जपून, की यंत्राने तो पहिल्याच खेपेला घेतला. आकडा बराच उतरला होता. पंप गुण देत होता.

"मंग चालू ठेवते," तिची आई म्हणाली.

रेणू अजून यंत्राकडेच बघत होती. "लागलं का वो ताईला?"

"नाही गं, बिलकुल नाही," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना.

परतताना यंत्र मागच्या सीटवर टाकायला माझा हात धजावला नाही. राजूर येईपर्यंत मी गाडी हळू चालवली.