खाबुऱ्याचा वाली

तेलाचे भाव पडले त्या वर्षी आमच्या घरात गव्हर्नर शिरला.

म्हणजे झालं असं, की मुलगी नववीत होती आणि तिच्या इंडियन स्कूलने वादविवाद स्पर्धेला विषय दिला: गव्हर्नरची राज्यातली कामगिरी ही राष्ट्राध्यक्षपदाची खरी कसोटी आहे का? अमेरिकेत तेव्हा निवडणुकीचे वारे सुटले होते. एकेक गव्हर्नर उठून ‘मी उभा राहतो’ म्हणत होता. त्यातला एक निवडायचा आणि त्याच्या कारभाराची चिरफाड करायची. चिपळूणच्या आईबापांच्या, मस्कतात वाढलेल्या पोरीने अमेरिकेतल्या गव्हर्नरची चिरफाड करायची! म्हटलं, करा बाई. निदान मोबाइलमधून मान तरी वर येईल.

माझं लक्ष तेव्हा कशातच नव्हतं. नवरा खाबुऱ्याला, मस्कतपासून दोनेक तासांवरच्या गावी. तिथे त्याच्या कंपनीची शाखा होती, गाड्यांचे सुटे भाग आणि मागे गॅरेज. हा तिथला मॅनेजर. हेड ऑफिस मस्कतातच, गालाला. (माझी बहीण फोनवर दरवेळी हसायची, ‘गालात ऑफिस म्हणजे काय गं?’ तिला एकदाही नीट सांगावंसं वाटलं नाही मला.) गुरुवारी तो घरी यायचा, शनिवारी संध्याकाळी परत जायचा. पोरीची शाळा मस्कतात म्हणून मी मस्कतात. लग्न झालेली बाई आणि आठवडाभर एकटीने कुलपं लावत फिरते, त्याचा मला वीट आला होता. त्याला गालाला बदली मिळाली तर आम्ही एका घरात राहणार, नाहीतर दहावीनंतर पोरीला घेऊन मी चिपळूणला जाणार, असं मी स्पष्ट सांगून टाकलं होतं. तो फक्त ‘बघू’ म्हणायचा. त्याचं ‘बघू’ आणि अर्बाबचं, म्हणजे त्याच्या ओमानी मालकाचं ‘इन्शाल्ला’, दोन्ही एकाच खाणीतली.

तर एका शुक्रवारी जेवताना पोरीने विषय सांगितला. नवरा भाताचा घास हातात धरून म्हणाला, “गव्हर्नरचं कसलं आलंय डोंबलाचं रेकॉर्ड? फीत कापायची, भाषण वाचायचं, सही करायची.”

“बाबा, ते आपले राज्यपाल,” ती म्हणाली. “अमेरिकेत गव्हर्नर म्हणजे आपला सीएम. रिअल पॉवर.”

“असं होय!” तो म्हणाला. मग मलाच हसू फुटलं. मनात म्हटलं, आपल्या घरातला गव्हर्नर मात्र अगदी आपल्याकडचाच. आठवड्यातून एकदा येतो, सगळं ठीक आहे ना विचारतो, जेवतो आणि जातो.

पोरीने जो गव्हर्नर निवडला तो मला आवडायचा, खरं सांगते. टीव्हीवर बोलताना त्याचा जबडा कसा घट्ट असायचा. तोट्यातली खाती बंद केली, माणसं कमी केली, हिशेब जुळवून दाखवला. म्हटलं, याला म्हणतात निर्णय घेणं. नाहीतर आमच्याकडे पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे यावर दोन ईद निघून जातात. पण पोरीला बोलायचं होतं विरुद्ध बाजूने. ती रोज शाळेतून आली की लॅपटॉप उघडून बसायची आणि मला छळायची.

“आई, त्याच्या राज्यात तेल आहे. भाव वर होता तेव्हा जॉब्स आले. मग क्रेडिट त्याला का?”

“अगं, पण चालवलं तर त्यानेच ना?”

“आणि भाव पडल्यावर त्याने माणसं काढली. तेव्हा म्हणाला, तेलामुळे. असं कसं? वर गेलं की मी, खाली आलं की तेल?”

मी भाजी निवडत होते. हात थांबला माझा. कारण खाबुऱ्याचंही तेच होतं. रस्त्याची मोठी कामं चालू होती तेव्हा शाखेत उभं राहायला जागा नसायची, आणि अर्बाब याच्या पाठीवर थाप मारायचा. आता कामं थंडावली, गाड्या उभ्या राहिल्या, तर तोच अर्बाब याच्याकडे नापास पोराकडे बघावं तसा बघायला लागला होता.

त्याच आठवड्यात आमचा एसी बंद पडला. घरमालक फोन उचलेना. मी वैतागून ओरडले, “आपल्याला इथे कुणी वाली नाही बाई!”

पोरगी आतून म्हणाली, “आहे ना, आई. प्रत्येक विलायतीला वाली असतो. बाबांच्या खाबुऱ्यालापण आहे.”

मी कपाळावर हात मारला. ओमानात तालुक्यासारखी विलायत असते आणि तिचा सरकारी प्रमुख म्हणजे वाली, इंग्रजीत गव्हर्नरच. हे तिला शाळेत शिकवलेलं. आपला वाली तिला कुठून ठाऊक असणार? तिला सांगितलं, अगं, आपल्यात वाली म्हणजे पाठीशी उभा राहणारा, ज्याच्या जिवावर आपण निर्धास्त झोपतो तो. ती म्हणाली, “ओ, नाइस,” आणि परत लॅपटॉपमध्ये गेली. संध्याकाळी हे मी नवऱ्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो इतका हसला, की त्याला ठसका लागला.

तेच आमचं शेवटचं हसणं. कारण पुढच्या गुरुवारी तो आला तो तोंड पाडूनच. बूट काढता काढता म्हणाला, “अर्बाबने गालाला बोलावलंय. कायमचं.”

मी टुणकन उडीच मारली. खरंच मारली, या वयात. “मग असं सुतकी तोंड काय केलंयस?”

“तो म्हणाला, खाबुरा खलास. यल्ला, तू गालाला ये. पण येण्याआधी शाखा बंद करून ये. पोरांना तूच सांग.”

पोरं म्हणजे गॅरेजमधली माणसं. सगळी आमच्याच बाजूची, खेडची, गुहागरची. यानेच चिपळुणात बसून मुलाखती घेतल्या होत्या आणि यानेच विमानतळावरून त्यांना आणलं होतं. शाखा बंद म्हणजे त्यांना थेट गावी, कारण कंपनी एनओसी देणार नव्हती आणि त्या कागदाशिवाय इथे दुसरीकडे नोकरी धरता येत नव्हती.

“मग तू काय म्हणालास?”

“रविवारी सांगतो म्हणालो.”

“रविवारी? अरे, लगेच हो म्हणायचंस ना!”

मग मी जे सुरू झाले ते थांबलेच नाही. शाखा तू नाही बंद केलीस तर दुसरा कोणीतरी येऊन करेल. अर्बाब तर गालालाच बसून उंटावरून शेळ्या हाकेल. मग तू कशाला वाईटपणा घेतोस, तू तर फक्त निरोप्या. तिकडे तो गव्हर्नर बघ, एवढी माणसं काढून आता देश मागतोय. तो म्हणाला, “अगं, मी अर्बाबला सांगू का, एक वर्ष दे, खर्च कमी करून चालवून दाखवतो?” मी म्हटलं, सांग, आणि माझं चिपळूणचं तिकीटही सांग काढायला. शुक्रवार आम्ही एकमेकांशी न बोलता काढला. मी उगाच कपाटं आवरली, परत विस्कटली. एकदा वाटायचं, चुकतंय माझं. लगेच वाटायचं, छट्, काय चुकतंय? मला माझा नवरा हवाय, एवढंच ना!

शनिवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा. आम्ही दोघं शेजारी बसलो, मध्ये माझी पर्स. पोरगी स्टेजवर आली. इंग्रजीत बोलली, फडाफडा. तेलाचा मुद्दा मांडला, टाळ्या मिळाल्या. राज्य चालवणं आणि भाग्य उजळणं यात फरक करा, म्हणाली. कामगिरी मोजायची तर चढत्या दिवसांतली नको, पडत्या दिवसांतली मोजा. मी मनात म्हटलं, शाब्बास गं माझी बाय.

मग परीक्षकांनी विचारलं, “हा गव्हर्नर आत्ता तुझ्यासमोर उभा असेल आणि तुला एकच प्रश्न विचारता येणार असेल, तर काय विचारशील?”

ती थांबली. मला वाटलं, अडली आता. नख चावायला लागले मी. मग ती म्हणाली, आणि तिचं इंग्रजी मला अजून लख्ख आठवतं, पण सांगते मराठीतच: “मी विचारीन, तेल पडलं तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी घरी कोणाला पाठवलं? आणि स्वतः कुठे गेलात? माझ्या आईच्या भाषेत वाली म्हणजे गव्हर्नर नाही. वाली म्हणजे जो सोडून जात नाही. तो तसा असेल तर मी त्याला मत देईन.”

टाळ्या पडल्या की नाही मला माहीत नाही. मी नवऱ्याकडे बघितलं. तो टाळ्या वाजवायला हात वर करून तसाच बसला होता. डोळे पाण्याने भरलेले. पोरीला काहीच ठाऊक नव्हतं. गुरुवारी ती मैत्रिणीकडे सरावाला गेली होती, आणि नंतर अर्बाबचं बोलणं आम्ही तिच्यापासून लपवलं होतं, स्पर्धा आहे म्हणून.

नंबर काही आला नाही. पहिला नंबर बाजूने बोलणाऱ्या मुलाला गेला. पोरगी फुरंगटून मागच्या सीटवर बसली. गाडी शाळेच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हा नवरा समोर बघतच म्हणाला, “उद्या गालाला फोन करून नाही म्हणतो. एक वर्ष मागतो. नाही दिलं तर नाही दिलं, पण त्या पोरांना मी नाही सांगणार.”

मला त्याचा इतका राग आला, की दार उघडून उतरावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी, देवाशप्पथ, लग्नाला हो म्हटलं होतं त्या दिवसाइतका तो मला आवडला. दोन्ही एकदम. काय करायचं असतं अशा वेळी?

मागून पोरीने विचारलं, “कोणत्या पोरांना? काय झालं?” त्याने तिला सांगितलं. सगळं सांगितलं, थोडक्यात, जसं गॅरेजमध्ये एखाद्याला काम समजावून सांगतो तसं.

मग मी म्हणाले. बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. “आणि आम्हाला कोण वाली?”

त्याने घड्याळात बघितलं. संध्याकाळी त्याला खाबुऱ्याला निघायचं होतं. मी मागे वळून पोरीकडे पाहिलं. या वेळी ती मला ‘आहे ना, आई’ म्हणाली नाही.