एका मतासाठी रिकामं केलेलं घर

माझ्या शिक्षणाचं श्रेय कुणाला, असं विचारलं तर मी यमुनाआत्याचं नाव घेतो. आमच्या खेड्यात सातवीपुढे शाळा नव्हती. आत्यानं मला जिंतूरला आपल्या एका खोलीत ठेवून घेतलं आणि खानावळीत पोळ्या लाटून पुढचं सगळं शिकवलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर असा तिच्या ओट्यावर तयार झाला. तिला स्वतःला अक्षरओळख नाही. आज मी जिंतूरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. मुंबईला निघालो तेव्हा ती बसस्थानकापर्यंत आली आणि म्हणाली, "तिकडं उगं कुणाशी वाद घालू नको."

वाद घालायला नव्हे, बघायला चाललो होतो. विधानसभेची निवडणूक लागली होती. आमचा मतदारसंघ एवढा पसरलेला, की एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला दोन एसट्या बदलाव्या लागतात. मुंबईच्या उपनगरात मात्र स्टेशनपासून समुद्रापर्यंत गेलं की मतदारसंघ संपतो, असं ऐकलं होतं. तेवढ्याशा जागेत राहणाऱ्यांचा आमदारही एकच आणि आमच्या एवढ्या शिवाराचाही एकच. हे डोळ्यांनी बघून वाचनालयाच्या अंकासाठी लिहावं, असं मनात होतं.

मालाडला नितीनकडे उतरलो. ग्रंथालयशास्त्र शिकताना तो माझ्या शेजारी बसायचा. आता एका शाळेत ग्रंथपाल आहे. त्याचे आजोबा गिरणीत होते, घराणं मालवणकडचं. दारातच त्याच्या आईनं विचारलं, "खंयसून इलंस रे एवढो? दमलंस मां?" आणि उत्तराची वाट न बघता घावण्यांचं ताट पुढे ठेवलं. सोबत नारळाचा रस, गूळ घातलेला. आमच्याकडे घावणे कुणी करत नाही. मी किती खाल्ले ते सांगत नाही.

"तू बरोबर वेळेला आलास," नितीन म्हणाला. "माझी इलेक्शन ड्यूटी लागलीय. पंच्याऐंशीच्या वरच्या म्हाताऱ्यांची मतं घरी जाऊन घ्यायची."

"मतदानाच्या आधीच?"

"आधीच. मी, अजून एक अधिकारी, पोलीस आणि व्हिडिओवाला. गाडी सरकारी आहे, तुला बसवता येणार नाही. तू तुझा बसने फिर."

पहिला दिवस मी पायी फिरलो. स्टेशनच्या पश्चिमेला आधी दुकानांची गर्दी, मग काचेच्या कचेऱ्या, मग उंच इमारती. एका इमारतीच्या फाटकावर परवानगीशिवाय प्रचाराला बंदी असल्याची पाटी होती. उमेदवाराची माणसं उपरणी घालून बाहेर उन्हात उभी, कुणाच्या तरी फोनची वाट बघत. आमच्याकडे उमेदवार थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो, चहा नको म्हटलं तर त्यालाच राग येतो. थोडं पुढे मालवणी नावाच्या भागाची दाट वस्ती. तिथं गल्ली इतकी अरुंद, की भोंगा लावलेली रिक्षा तोंडाशीच थांबून ओरडत होती आणि माणसं तिला वळसा घालून पाण्याचे हंडे नेत होती. ती संपली की अचानक तिवरांचं हिरवं रान आणि खाडीचा वास. एकाच मतदारसंघात मी तीन गावं ओलांडली असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मढची बस धरली. नितीनची गाडी त्या दिवशी तिकडेच जाणार होती. मढ म्हणजे समुद्रात शिरलेली जमिनीची जीभ. चित्रीकरणाला भाड्यानं देतात ते बंगले मागे पडतात आणि कोळीवाडा लागतो. कौलारू घरं, दारासमोर क्रूस, आणि जिकडेतिकडे वलांड्या (बोंबील वाळत घालायची बांबूची मांडणी). मी एका सपाट जागेवर पिशवी टेकवली आणि पाणी प्यायला लागलो.

"ओ दादा, आमच्या जवल्यावर बसताय काय आता?" एक बाई ओरडली. मी ज्याला स्वच्छ वाळू समजलो तो वाळत घातलेला जवळा (बारीक कोळंबीसारखी मासळी) होता. माफी मागून पिशवी उचलली. तिचा वास अजून गेलेला नाही.

वाटेत एक शाळा लागली. सुट्टी होती. व्हरांड्यात एक फार म्हातारी बाई एकटीच बसली होती. नऊवारी लुगडं, गळ्यात सोन्याची माळ, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. लग्नाला निघाल्यासारखी.

"कुठशी आयलास?" तिनं विचारलं.

"परभणीकडून."

"एवऱ्या लांबशी? मताला?"

"मतदान कसं असतं ते बघायला आलोय, आजी."

"बस मग. मताचे लोक येतान आता."

मला ते खरंच वाटलं. मी तिच्याजवळ बसलो. तिनं नाव सांगितलं रेजिना. गावात सगळे तिला बय म्हणतात, बय म्हणजे आई. तिनं एकही मत चुकवलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी गावातल्या बाया मिसा (चर्चमधली प्रार्थना) झाली की अंगावर सोनं घालून मिळून शाळेत जातात, असं ती म्हणाली. "आता त्या बाया नाय रायल्या. मी हाय."

बराच वेळ कुणी आलं नाही. मी विचारायला म्हणून गल्लीत गेलो, तर समोरून एक बाई धावत येत होती. "अहो, इथून एक म्हातारी जाताना बघितली का? माझी सासू आहे. मतदानवाले घरी येऊन थांबून थांबून गेले."

मी तिला व्हरांड्यात बयकडे नेलं. शाळा त्यांच्या घरापासून चार गल्ल्यांवर होती. सून सिल्विया वलांडीवर गेलेली असताना बय नटून मागच्या दारानं निघाली होती. सगळं गाव शोधून झालं होतं, फक्त शाळा राहिली होती, कारण मतदान त्या दिवशी घरी होतं.

मी नितीनला फोन लावला. "अरे यार," तो म्हणाला, "आम्ही पुढच्या घरी पोचलो पण. आता वाट लागली. उद्या एकदा परत येणार. तेव्हा नाही भेटली तर तिचं मत गेलं."

"मतदानाच्या दिवशी केंद्रावर देईल ना?"

"नाही रे. घरून द्यायचा अर्ज मंजूर झाला की केंद्रावर देता येत नाही."

सिल्वियानं हे सासूला सांगितलं. बयनं गजरा काढून हातात धरला आणि आमच्या पुढे चालायला लागली.

त्यांनी मला जेवायलाच थांबवलं. एका मोठ्या खोलीचं घर, वर लाकडी पोटमाळा. ताटात ओले बोंबील आणि फुगे (मैद्याचे तळलेले गोल पाव, हे ख्रिस्ती कोळ्यांकडे सणाला करतात). बयचा मुलगा फ्रान्सिस, होडीचा नाखवा, एका उमेदवाराचं उपरणं गळ्यात घालूनच जेवत होता. सिल्विया दुसऱ्या उमेदवाराच्या महिला मंडळात.

"आमच्या घरात दोन पक्ष," तो मला म्हणाला. "ताट मात्र एकीकडूनच येतं, म्हणून मी गप असतो."

"गप? तू?" सिल्विया म्हणाली.

मग तो आईकडे वळला. "बय, अर्ज तुझ्यासाठीच केला ना? गुडघे दुखतात म्हणून. शाळेत कशाला गेलीस?"

"मत शाळेन देतान."

"आता घरी देतात."

"या घरान?" बय म्हणाली. "या घरान मी भात किती खाल्ला तो पन समदे सांगतान. शाळेन पुठ्ठा असतो. पुठ्ठ्यामागं मी न् माझा देव."

"मी काय बघणार आहे?"

"तू नाय बघनार. तुझी मान बघंल."

सिल्विया हसली. बयनं तिच्याकडे बघितलं. "तुझी पन." सिल्वियाचं हसू थांबलं. "मी नाय देत घरान," बय म्हणाली आणि हात धुवायला उठली.

रात्री नितीनला हे सांगितलं. तो थट्टा करेल असं वाटलं होतं, पण तो गंभीर झाला. "खरंय रे तिचं. पुठ्ठा आम्ही पण नेतो. पण एका खोलीचं घर असतं. नातू दारातून सांगतो, आजी, तो खालचा. आम्ही ओरडतो, तो जातो, पण आजीनं ऐकलेलं असतंच ना."

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा मढला गेलो. सिल्विया मागच्या दारात बसून मासळी निवडत होती, म्हणजे खरं तर पहारा देत होती. बय आत खुर्चीवर, साध्या लुगड्यात, हाताची घडी घालून. गाडी आली. व्हिडिओवाल्यानं कॅमेरा लावला. नितीननं कोपऱ्यातल्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला.

"आजी, मत द्यायचंय ना?"

"नाय."

"नाय दिलंत तर आम्ही तसं लिहून निघून जाणार. परत कोणी येणार नाही."

"जा."

फ्रान्सिस काहीतरी बोलायला गेला. नितीननं त्याला हातानं थांबवलं आणि बयसमोर उकिडवा बसला. "तुम्हाला घर कसं पाहिजे ते सांगा. आम्ही तसं करतो."

बयनं त्याला नीट न्याहाळलं. मग बोट उचललं. "हा भायेर." फ्रान्सिस निघाला. "ही भायेर. खिरकी बंद." शेजारीण खिडकीत उभी होती, ती बाजूला झाली. "टीवी बंद. न् वरचा?"

"वर कोण आहे?" पोलिसानं विचारलं.

पोटमाळ्यावर होडीवरचा एक खलाशी झोपला होता. रात्रभर समुद्रात होता बिचारा. डोळे चोळत, लुंगी सावरत तो शिडीवरून उतरला आणि काही न विचारता बाहेर आमच्यात येऊन उभा राहिला. "न् तुमी?" बयनं नितीनला विचारलं.

"आम्हाला घर सोडता येत नाही, आजी. पाठ करून उभे राहतो. आणि खूण करताना कॅमेरा तुमच्याकडे नसतो."

ती उठली. दार लोटलं गेलं.

आम्ही गल्लीत उन्हात उभे राहिलो. आतून आवाज नव्हता. फ्रान्सिस पायानं वाळू उकरत होता. "एवढा वेळ कशाला लागतो?"

"तुला काय घाई आहे?" सिल्विया म्हणाली.

"आत काय झालं तर? पडली बिडली तर?"

"मग हाक मारेल. गप उभा राहा ना."

खलाशी उभ्या उभ्या झोपला होता. शेजारणीही बाहेर आल्या, पण कुणी मोठ्यानं बोलेना. घरातलं माणूस आजारी असताना असतात तसे सगळे हळू बोलत होते.

संध्याकाळी मी मढच्या धक्क्यावरून वर्सोव्याची फेरीबोट धरली. इमारती जवळ येत होत्या. मतदारसंघ केवढा, हे बघायला मी आलो होतो. वहीत गल्ल्या, तिवरं, फाटकं सगळं लिहून झालं होतं. पण मनात राहिलं ते बंद दार. आत्याला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून नितीनच्या घरी पोचल्यावर तिला पत्र लिहिलं. दार उघडल्यानंतरचं त्यातच आहे. ते इथं देतो.

ती. आत्या, नमस्कार.

मी खुशाल आहे. हे पत्र शेजारच्या मंगलकडून वाचून घे. मी सोमवारी पोचतोच.

आज एका आजीनं आपल्या घरातल्या सगळ्यांना बाहेर काढून मत दिलं. मीही बाहेर होतो. बऱ्याच वेळानं दार उघडलं. नितीन पाकीट बंद करून पेटीत टाकत होता आणि ती खुर्चीत बसली होती. ओठांवर घाम होता, पण चेहरा एकदम शांत. मुलगा आत गेला आणि राहवेना म्हणून विचारलंच, "बय, कोणाला दिलंस?" ती म्हणाली, "तू भायेर होतास ना? मग भायेरचंच काय ते विचार." सून तोंडावर पदर धरून हसत होती. मग आजीनं सगळ्यांना जेवायला बसवलं, झोपेतून उठवलेल्या खलाशाला सगळ्यांत आधी.

आत्या, दर निवडणुकीला गल्लीतल्या बाया तुला सकाळीच सांगून जातात, कुठलं बटण दाबायचं. मामाही सांगतात. मीही सांगतो, शिकलेला म्हणून जरा जास्तच समजावून. तू सगळ्यांपुढे मान डोलावतेस. आत जाऊन काय करतेस, हा विचार माझ्या डोक्यात आज पहिल्यांदा आला. विचारणार नाही.

मतदानाला तुला गाडीवरून मीच नेईन. वाटेत कुणाचं नाव काढणार नाही. तू आत गेलीस की मी बाहेर उभा राहीन. ऊन असलं तरी चालेल. हवा तेवढा वेळ घे.

तुझा,
दत्ता