आष्ट्याचा पॅच

“सायेब, एकच सांगा. दोष मशीनचा हाय का मानसाचा?”

आष्ट्याच्या हॅचरीचे मालक आप्पा माझ्याकडे बघत होते. शेजारी त्यांचा ऑपरेटर भीमराव उभा. उबवणीच्या मशीनमधली सगळी अंडी गार पडली होती. माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता आणि उत्तर मला साधारण कळलं होतं.

नव्वदच्या दशकात मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत होतो. आम्ही अशा मशीनचे कंट्रोलर बनवायचो. कंट्रोलर म्हणजे तापमान बघून हीटर आणि पंखा चालवणारा डबा. त्यातल्या चिपमध्ये आमचा प्रोग्राम असायचा. मूळ प्रोग्राम सगळ्यांना एकच. एखाद्या ग्राहकाला वेगळं काही हवं असलं, की त्याच्यासाठी पॅच करायचा. पॅच म्हणजे एक छोटी फाइल : प्रोग्राममधल्या अमुक ओळी शोध, त्या काढ, या घाल. चिप भरण्याआधी कॉम्प्युटर एकेक पॅच लावत जायचा. शोधायच्या ओळी सापडल्या नाहीत, तर तो पॅच नाकारला जायचा आणि काम पुढे चालू राहायचं.

आष्ट्याला लाइट फार जायची. परत आली की START दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नसे. त्यावर मी दोन पॅच केले होते. पहिल्यामुळे, मशीन आधी चालू होतं हे चिपच्या लक्षात राहायचं. दुसरा, ASHTA नावाचा, त्यावरून मशीन आपोआप सुरू करायचा. हा दुसरा पहिल्यानं घातलेल्या ओळींवरच बसायचा. चिप बसवताना भीमरावला मी बजावलं होतं, “आता बटणाला हात लावू नको. चालू-बंद एकाच बटणावर आहे, दाबलंस तर चालू मशीन बंद पडेल.”

पुढे आप्पांना डिस्प्लेवर तापमान दशांशात हवं झालं. किरकोळ काम. नवी चिप भरली, दशांश दिसतोय एवढं बघितलं, जाऊन बसवून आलो. लाइट घालवून बघितली नाही. मग एकदा लाइट गेली, परत आली, डिस्प्ले लागला, पण मशीन सुरू झालं नाही.

“तुला डोळं न्हाईत व्हय रं?” आप्पा भीमरावला म्हणाले. “पंखा थांबलाय, दिसंना?”

“आकडं दिसत हुतं की, आप्पा. वाटलं, हुईल चालू.” मग तो माझ्याकडे वळला. “आवं सायेब, तुमीच म्हनला न्हवं, हात लावू नगो म्हून?”

आप्पाही वळले. मी म्हणालो, “मशीन तपासायला लागेल. पण लक्ष तर ठेवायलाच हवं.”

दोन्ही वाक्यं खरी होती. भीमरावनं अंड्यांचे ट्रे बाहेर काढायला घेतले. मी START दाबलं. पंखा फिरायला लागला.

एसटीनं साताऱ्याला येईपर्यंत मी प्रोग्राम डोक्यात चाळत होतो. ऑफिसात पोचून बघितलं, तर नाकारलेल्या पॅचची फाइल तिथंच पडली होती. ASHTA. कारण सापडायला वेळ लागला नाही. आमचा कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून मी मध्यंतरी डिस्क आवरली होती. आवरताना सगळ्या फाइली नावाप्रमाणे ओळीत लावून घेतल्या. मला नीटनेटकं लागतं. पण पॅच ज्या क्रमानं डिस्कवर पडलेले असतील त्याच क्रमानं लागायचे, हे मी विसरलो होतो. ASHTA चं नाव A पासून. तो पहिल्याच्या आधी आला, त्याला हव्या त्या ओळी अजून घातलेल्याच नव्हत्या, तो नाकारला गेला.

कंपनीतले माझे वरिष्ठ देवसाहेब, त्यांना सांगितलं.

“कस्टमरला काय बोललास?”

“तपासतो म्हणालो.”

“मग तपासलं म्हण. नवी चिप बसव. बाकी गोष्टी काढत बसू नकोस.”

साहेबांनी मला गप्प बसवलं, असं घरी मी कैक वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे मला तेच ऐकायचं होतं.

नवी चिप घेऊन गेलो तेव्हा भीमराव नव्हता. त्याच्या जागी आप्पांचा मेहुणा. मी चिप बसवली. आप्पांनी स्वतः मेन स्विच पाडला, परत वर केला. पंखा आपसूक फिरला.

“बघा,” आप्पा म्हणाले, “मानूस बदलला आन् मशीनबी सुदारलं.”

“भीमराव कुठं असतो?”

“पलूसकडं पोल्ट्रीवर लागायला गेला म्हनं. तितंबी कळवलंय मी, झोपाळू हाय म्हून. कोन घेतंय बघू.”

मी स्क्रू आवळत होतो. एक स्क्रू आवळून झाला होता, तोच पुन्हा आवळला. मग चहा घेतला आणि निघालो.

त्याच आठवड्यात मी पॅचचा क्रम पक्का लिहून ठेवला आणि एक जरी पॅच नाकारला गेला, तरी काम तिथंच थांबेल अशी सोय केली. साहेबांनी चारचौघांत कौतुक केलं. पलूस आष्ट्यापासून लांब नाही. मी गेलो नाही.

आता चिप बसवली की आधी लाइट घालवून बघतो. आणि ऑपरेटरला ‘हात लावू नका’ असं कधी म्हणत नाही. ‘पंखा फिरतोय का बघा, फिरत नसेल तर START दाबा’, एवढंच सांगतो.